ताप आलेल्या सिस्टरला घरी पाठवा



या अंकात एका अशा कामाविषयी लिहीत आहे, ज्याचा फोटो काढता येत नाही. विहीर खोदली, वसतिगृहाला खोली बांधली, शिलाई यंत्रे वाटली, की फोटो निघतो आणि तो या पत्रकात छापूनही येतो. फ्लूची मोठी साथ येण्याआधी दवाखाना तयार ठेवणे, याचा फोटो कसा काढणार? साथ आली नाही तर दाखवायला काही नसते आणि आली तर फोटो काढायला कोणाला वेळ नसतो. पण गेली अनेक वर्षे पाड्यांवर आणि दवाखान्यात रुग्णांच्या नातेवाइकांबरोबर काम केल्यावर मला वाटते, की आपल्या देणग्यांतला काही भाग या न दिसणाऱ्या कामाला गेलाच पाहिजे. मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. जे वाचले, जे तज्ज्ञांकडून शिकले आणि जे डोळ्यांनी पाहिले, तेवढेच सांगते.

"कोरोना तर होऊन गेला, आता पुन्हा कशाला?" असे मंडळ्यांमध्ये विचारले जाते. त्याचे उत्तर देण्यासाठी नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला जाऊ या. तिथले रेल्वे स्टेशन पुष्कळांनी ऐकले असेल, कारण त्याचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमध्ये आहे. या आदिवासी तालुक्यात कोंबड्यांचे मोठमोठे फार्म आहेत. फेब्रुवारी २००६ मध्ये तिथे कोंबड्या मोठ्या संख्येने मरू लागल्या. भोपाळच्या प्रयोगशाळेने तपासणी केली आणि १८ फेब्रुवारीला जाहीर झाले, की हा एच५एन१ म्हणजे बर्ड फ्लू आहे. भारतात तो सापडण्याची ही पहिली वेळ होती. मग पांढरे पोशाख, मास्क आणि चष्मे घातलेल्या कामगारांनी लाखो कोंबड्या मारून पुरल्या. फार्मवरच्या गेल्याच, पण आसपासच्या घरांतल्या गावठी कोंबड्याही गेल्या. आदिवासी बाईची कोंबडी म्हणजे तिची बचत असते, हे तुम्हाला सांगायला नको. ताप असलेल्या काही माणसांना वेगळे ठेवून त्यांचे नमुने तपासले गेले, आणि देवाच्या कृपेने कोणालाही लागण झालेली नव्हती. २०२१ च्या फेब्रुवारीत नवापूरला पुन्हा बर्ड फ्लू आला आणि पुन्हा कोंबड्या पुराव्या लागल्या.

एच५एन१ माणसाला सहसा होत नाही. झाला तर मात्र तो फार वाईट असतो. २००३ पासून जगात ९०० हून अधिक माणसांना तो झाल्याची नोंद आहे आणि त्यांतले जवळजवळ निम्मे दगावले. भारतातला पहिला नोंदलेला मृत्यू २०२१ सालचा, हरियाणातल्या एका लहान मुलाचा. आजपर्यंत हा विषाणू एका माणसाकडून दुसऱ्याकडे सहज जात नाही, म्हणूनच आपण निवांत आहोत. पण फ्लूचा विषाणू स्वभावाने चंचल आहे. त्याची जनुके एका सलग दोरीत नसून आठ वेगवेगळ्या तुकड्यांत असतात. दोन जातींचे फ्लू एकाच प्राण्याच्या, उदाहरणार्थ डुकराच्या, शरीरात एकत्र आले तर तुकड्यांची अदलाबदल होते आणि नवाच विषाणू तयार होतो. तो कोणाच्याही शरीराच्या ओळखीचा नसतो. मग तो गावोगाव फिरतो. २००९ चा स्वाइन फ्लू असाच तयार झाला होता.

त्या वर्षी पुण्यात असलेल्यांना ऑगस्ट महिना आठवत असेल. ३ ऑगस्टला पुण्यातली १४ वर्षांची एक शाळकरी मुलगी गेली. स्वाइन फ्लूने देशात झालेला तो पहिला मृत्यू. शाळा, महाविद्यालये, चित्रपटगृहे बंद झाली, मास्क मिळेनासे झाले, आणि नायडू रुग्णालयापुढे माणसांची रांग लागली. त्या रांगेचा मी अनेकदा विचार करते. तीत खरोखर आजारी असलेले होते आणि नुसत्या भीतीने आलेलेही होते, आणि सगळे एकमेकांना खेटून तासन्‌तास उभे होते. पुण्यातल्या सुरुवातीच्या मृतांमध्ये एक डॉक्टरही होते. जागतिक आरोग्य संघटनेने साथ संपल्याचे ऑगस्ट २०१० मध्ये जाहीर केले, तरी तो विषाणू कुठे गेला नाही. २०१५ साली आपल्या देशात त्याचे ४२ हजारांहून अधिक रुग्ण आणि जवळजवळ ३ हजार मृत्यू नोंदले गेले. आजही पावसाळ्यात येणाऱ्या फ्लूमध्ये तो असतो.

आणखी एक गोष्ट. साधा फ्लू म्हाताऱ्यांना आणि तान्ह्यांना गाठतो. २००९ च्या फ्लूने तरुणांनाही गाठले आणि गरोदर बायांना तर फारच. आपल्या मिशन दवाखान्यांतल्या सिस्टर कोण असतात? वीस ते पस्तीस वर्षांच्या मुली. त्यांतल्या एकदोघी कायम गरोदर असतात.

हा विषय मांडला, की सभेत पहिला प्रश्न ठरलेला असतो. "ताई, व्हेंटिलेटर किती लागतील?" प्रश्नामागचा कळवळा खरा असतो, म्हणून उत्तर देताना मला अवघड जाते. व्हेंटिलेटर लागतो, नाही असे नाही. पण तो स्वतः चालत नाही. त्याच्याजवळ चोवीस तास शिकलेले माणूस लागते. समजा आपला पन्नास खाटांचा दवाखाना आहे आणि तिथे अठरा सिस्टर आहेत. सकाळ, दुपार, रात्र अशा तीन पाळ्या, त्यात कोणाची सुट्टी, कोणाचे बाळंतपण. एका पाळीला जेमतेम चार-पाच जणी हाताशी येतात. साथीच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांतल्या सहा जणी तापाने पडल्या, तर रात्रपाळीला दोघी उरतील. एक प्रसूतीच्या खोलीत, एक सगळ्या वॉर्डात. मग व्हेंटिलेटर असला काय आणि नसला काय? मोठ्या शहरातले रुग्णालय दुसरीकडून माणसे मागवू शकते. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या दवाखान्याला कोण माणसे देणार?

ही नुसती कल्पना नाही. २००३ साली सार्स नावाचा आजार आला होता. तो फ्लू नव्हता, पण श्वासातूनच पसरत होता. जगभरात ८,०९६ जणांना झाला, ७७४ जण गेले. त्या रुग्णांत १,७०६ जण आरोग्य सेवेतले होते, म्हणजे पाचातला एक. कॅनडातल्या टोरांटो शहरात तर साथ संपली असे समजून काळजी सैल केली गेली आणि मे महिन्यात ती रुग्णालयातूनच पुन्हा उफाळली. दवाखाना हे बरे होण्याचे ठिकाण आहे, तसेच ते आजार वाटण्याचेही ठिकाण होऊ शकते. आपल्या भागात हे दुप्पट खरे आहे, कारण आमच्याकडे रुग्ण एकटा येत नाही. बायको येते, आई येते, कडेवरचे मूल येते, पाड्यावरचे दोघेतिघे जीप भरायला म्हणून येतात. सगळे वॉर्डात खाटेखाली झोपतात. चार दिवसांनी ते पाड्यावर परततात. त्या पाड्यावर कुपोषित बाळे आहेत, सिकलसेलचे रुग्ण आहेत, आणि जवळच्या दवाखान्याला यायला दोन तास लागतात.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे येते. ती थोडी कडू आहे.

मिशन दवाखान्यांत त्यागाची परंपरा आहे आणि तिचा आपल्याला अभिमान आहे. अहवालांत, साक्षींत, निरोप समारंभांत आपण कोणाचे कौतुक करतो? "अंगात ताप असतानाही ड्युटी सोडली नाही" अशा सिस्टरचे. मीही अशा कौतुकाला टाळ्या वाजवल्या जाताना कितीदा ऐकल्या आहेत. पण फ्लूच्या बाबतीत हे कौतुक धोक्याचे आहे. फ्लूचा माणूस लक्षणे दिसण्याच्या एक दिवस आधीपासून आणि नंतर पाच ते सात दिवस विषाणू पसरवत असतो. पहिल्या दोनतीन दिवसांत सर्वांत जास्त. ताप घेऊन ड्युटी करणारी सिस्टर त्या एका पाळीत वीस-पंचवीस खाटांना हात लावते. तिने स्वतःला वाहून घेतलेले असते ते रुग्णांसाठी, आणि आजार पोहोचतो तोही रुग्णांनाच. तिला घरी पाठवणे, तिची ताटवाटी वेगळी ठेवणे, ताप औषधाशिवाय उतरून निदान चोवीस तास होईपर्यंत तिला परत न बोलावणे, हीच त्या दिवशीची रुग्णसेवा आहे.

सेवा करताना जीव देणाऱ्यांचा मान मी कमी करत नाही. सावित्रीबाई फुले प्लेगच्या साथीत मुंढव्याकडच्या एका आजारी मुलाला उचलून मुलाच्या, डॉ. यशवंतांच्या दवाखान्यात घेऊन आल्या आणि १० मार्च १८९७ ला स्वतः प्लेगने गेल्या. त्या काळी त्यांच्या हाती दुसरे काही नव्हते. आज आपल्या हाती लस आहे, मास्क आहे, साबण आहे, आजार कसा पसरतो याचे ज्ञान आहे. एवढे असताना ते न पुरवता आपल्या मुलींकडून त्यागाची अपेक्षा करायची, हे मला पटत नाही.

"विश्वास असल्यावर मास्क कशाला?" असेही काही जण म्हणतात. धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्हाला मार्टिन ल्यूथरचे एक पत्र अभ्यासाला होते. १५२७ साली विटेनबर्गमध्ये प्लेग होता आणि प्लेगपासून पळावे की नाही, असा प्रश्न त्याला पाळकांनी विचारला होता. ज्यांच्यावर लोकांची जबाबदारी आहे त्यांनी जागा सोडू नये, हे त्याने सांगितलेच. पण औषध घ्यावे, घर शुद्ध ठेवावे, जिथे आपली गरज नाही तिथे उगाच जाऊ नये, नाहीतर आपल्या बेफिकिरीने दुसऱ्याचा जीव जाईल, हेही त्याच पत्रात आहे. तो स्वतः विटेनबर्गमध्ये थांबला. धीर आणि काळजी या दोन्ही गोष्टी एकाच माणसात राहू शकतात.

तयारीची सुरुवात दाराशी होते. केसपेपर काढण्याआधीच एक माणूस फाटकाशी बसला पाहिजे आणि त्याने दोनच प्रश्न विचारले पाहिजेत: ताप आहे का, खोकला आहे का. हे प्रश्न मराठीत विचारून भागत नाही. मावची, पावरी, भिली येणारे माणूस तिथे हवे, म्हणजे आपल्याच पाड्यावरची मुलगी किंवा मुलगा. "हो" म्हणणाऱ्याला मास्क द्यायचा आणि बाहेर झाडाखाली किंवा वेगळ्या ओसरीवर बसवायचे. त्याला एक बाकडे, एक छप्पर आणि एक नळ पुरतो. नायडूपुढच्या त्या रांगेचा उपाय इतका साधा आहे.

मग हवा. याविषयी मला थोडे जास्त लिहायचे आहे, कारण अलीकडे वॉर्डांना एसी बसवून देण्याची इच्छा अनेक देणगीदार व्यक्त करतात. पेरू देशाच्या लिमा शहरात आठ रुग्णालयांतील खेळत्या हवेचा अभ्यास झाला आणि तो २००७ साली प्रसिद्ध झाला. १९५० पूर्वी बांधलेल्या, उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारतींत दारे-खिडक्या उघडल्यावर हवा सर्वांत जास्त बदलत होती. नव्या इमारती त्यांच्या मागे होत्या आणि यंत्राने हवा खेळवणाऱ्या खोल्या त्याहून मागे. आपले जुने मिशनरी बांधकाम आठवा: उंच छत, समोरासमोर खिडक्या, सभोवार व्हरांडा. ते लोक उकाड्यासाठी तसे बांधत असतील, पण श्वासातून पसरणाऱ्या आजारासाठी त्याहून चांगला वॉर्ड क्वचितच मिळेल. कृपा करून त्या खिडक्या बंद करून एसी लावू नका. त्या पैशांत मोडलेल्या खिडक्या दुरुस्त होतील आणि डासांच्या जाळ्या बसतील. जाळी नसली, की सिस्टर डासांमुळे खिडकी लावून घेते, हा माझा रोजचा अनुभव आहे.

हात धुण्याविषयी कोरोनात इतके ऐकले, की सगळ्यांना कंटाळा आला आहे. तरी एक सांगते. फ्लूच्या विषाणूभोवती चरबीचे पातळ आवरण असते आणि साबणाने ते फुटते. महाग साबण लागत नाही, पण पाणी लागते आणि ते खाटेजवळ लागते. उन्हाळ्यात बोअर आटली, की वॉर्डातला नळ कोरडा पडतो. तिथे हाताला चोळायचे औषध कामी येते आणि ते आपल्याच औषध विभागात बनवता येते. जागतिक आरोग्य संघटनेने दहा लिटरचे प्रमाण दिले आहे: आयसोप्रोपिल अल्कोहोल (९९.८ टक्के) ७,५१५ मिलिलिटर, हायड्रोजन पेरॉक्साइड (३ टक्के) ४१७ मिलिलिटर, ग्लिसरॉल (९८ टक्के) १४५ मिलिलिटर आणि उरलेले उकळून गार केलेले पाणी. भरल्यावर बहात्तर तास तसेच ठेवायचे, मग वापरायचे. हे पेट घेणारे द्रव्य आहे, म्हणून दवाखान्यातल्या जाणकारानेच बनवावे. कोणी घरी प्रयोग करू नये.

मास्कमध्ये फरक असतो. साधा तीन पदरी मास्क सैल बसतो आणि शिंतोडे अडवतो. रोजच्या तपासणीला तो चालतो. पण नळीने छातीतला कफ ओढताना किंवा श्वासनलिकेत नळी घालताना विषाणूचे बारीक कण हवेत तरंगतात, तेव्हा एन-९५ लागतो. तो चेहऱ्याला घट्ट चिकटला तरच उपयोगी. दाढीवरून तो चिकटत नाही, हे डॉक्टर बंधूंनी प्रेमाने ऐकून घ्यावे. आणि हे सगळे काढतानाही लागण होण्याचा मोठा धोका असतो. आधी हातमोजे, मग चष्मा, मग गाऊन आणि खोलीबाहेर आल्यावर सर्वांत शेवटी मास्क, आणि लगेच हात धुणे. थकलेले माणूस आधी मास्क ओढून काढते. म्हणून साथ नसतानाच महिन्यातून एकदा सराव करावा लागतो, तोही आरशासमोर.

फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू बदलतो आणि लसही बदलते. टोचल्यावर अंगात बळ यायला साधारण दोन आठवडे लागतात. आपल्याकडे फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात असतो, म्हणून मे संपण्याआधी ती दिलेली बरी. नव्या जातीच्या साथीला ही लस पुरी पडेलच असे नाही. पण दरवर्षीच्या फ्लूने सिस्टर पडणार नाहीत, आणि लस मागवणे, थंड ठेवणे, सर्वांना देणे याची सवय लागलेली असेल. नवी लस निघाली, की ती सवयच उपयोगी पडते.

सर्वांना म्हणजे कोणाला? इथे माझा आग्रह आहे. यादी करताना डॉक्टर आणि सिस्टर आधी येतात आणि झाडू मारणाऱ्या मावशी, कपडे धुणारे मामा, अँब्युलन्सचा ड्रायव्हर, स्वयंपाकघरातली माणसे "पुढच्या वेळी" म्हणून राहून जातात. थुंकीचे भांडे कोण उचलते? आजाऱ्याची चादर कोण झटकते? खोकणाऱ्या रुग्णाशेजारी दीड तास बंद गाडीत कोण बसते? विषाणू पद बघत नाही. त्यातून ही माणसे बहुतेक रोजंदारीवर असतात. आली नाहीत तर त्या दिवसाचा पैसा नाही. मग मावशी तापाची गोळी खाऊन येते, कोणाला सांगत नाही, आणि मी तिला दोष देऊ शकत नाही. तिच्या घरी चूल त्या पैशावर पेटते. म्हणून सिस्टरला घरी पाठवा असे म्हणताना मावशीलाही घरी पाठवा, आणि तिची रोजी चालू ठेवा. पगारी आजारपणाची रजा हे औषध कुठल्याही मेडिकलमध्ये मिळत नाही. ते संस्थेच्या समितीलाच द्यावे लागते.

गरोदर सिस्टर आणि मावशींना तापाच्या वॉर्डात ठेवू नये, हेही साथ येण्याआधीच लिहून ठेवावे. साथीत कोण कोणाची जागा घेणार, वसतिगृहातली कोणती खोली आजारी कर्मचाऱ्यांसाठी रिकामी करायची, त्यांच्या मुलांना कोण जेवू घालणार, हेही. मोशेने सगळा भार एकट्याने वाहू नये, म्हणून इथ्रोने त्याला दिलेला सल्ला निर्गमच्या अठराव्या अध्यायात आहे. कामाची वाटणी आधी करून ठेवा, असेच सासऱ्याने जावयाला सांगितले होते.

आता पैशांचे. फ्लूच्या लसीचा एक डोस बाजारात साधारण दीड ते दोन हजार रुपयांना पडतो. चाळीस जणांच्या दवाखान्याला वर्षाचे साठ ते ऐंशी हजार. एका मोठ्या मंडळीच्या हंगामाच्या उपकारस्तुतीत एवढे जमू शकते. ज्यांना तेवढे शक्य नाही, त्यांच्या महिला मंडळाने एका मावशीची सात दिवसांची रोजी उचलली तरी ती फार मोठी मदत होईल. तरुण संघांना माझी वेगळी विनंती आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत शिबिरासाठी आमच्या भागात येता, तेव्हा भिंती रंगवण्याऐवजी या वर्षी खिडक्यांना जाळ्या बसवा आणि फाटकाशी छप्पर घाला. सुतारकाम येणारे दोघे सोबत आणा, बांबू आम्ही देऊ.

आणि अँब्युलन्सच्या ड्रायव्हरचे नाव तुमच्या प्रार्थनेच्या यादीत नसेल, तर ते दवाखान्याला फोन करून विचारून घ्या.